विषय : इन्सेटच्या हद्दनिश्चितीबाबत

चाकणला नोकरी करणाऱ्या माणसाची दुःखं दोन प्रकारची असतात. ज्यांची वर्तमानपत्रात बातमी होते ती, आणि ज्यांची होत नाही ती. तळेगाव चौकातली कोंडी पहिल्या प्रकारात मोडते. तिच्यावर निवेदनं दिली जातात, पाहणी दौरे होतात, दौऱ्यामुळे आणखी कोंडी होते, तिचा फोटो छापून येतो. थोडक्यात, त्या दुःखाला समाजात स्थान आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर अडकून उशिरा आलेल्या माणसाला 'ट्रॅफिक' एवढा एक शब्द पुरतो, समोरचा स्वतःच मान हलवतो. माझं दुःख दुसऱ्या प्रकारातलं. ते सांगायचं तर आधी ग्राफ काढून दाखवावा लागतो, आणि ग्राफ काढता येत नाही हेच तर दुःख आहे. तेव्हा चहा मागवा, दोन मागवा, आणि सदर प्रकरण पहिल्यापासून ऐका.

मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे गाडीच्या पोटाखाली बसणारा एक ब्रॅकेट तयार होतो आणि त्यात चार बोल्ट लागतात. हे चारही एकदम आवळायला लाइनवर चार स्पिंडलचा नटरनर आहे. बटण दाबलं की घुर्र करून चारही बोल्ट आत जातात आणि कंट्रोलर प्रत्येकाचा हिशेब ठेवतो, की बोल्ट किती अंश फिरला आणि त्या क्षणी टॉर्क किती लागला. हा हिशेब ग्राफवर मांडला तर पहिले दहा-बारा फेरे काहीच घडत नाही. बोल्ट नुसता फिरतो, रेघ तळाला चिकटून सरळ चालत राहते. मग बोल्टचं डोकं पत्र्याला टेकतं आणि शेवटच्या साठ-सत्तर अंशांत रेघ ताडकन उभी राहते, ती पन्नास न्यूटन-मीटरच्या आसपास जाऊन थांबते. म्हणजे ग्राफ साडेतीन-चार हजार अंशांचा, आणि बघण्यासारखं सगळं उजव्या काठाच्या अरुंद पट्टीत. डोकं नीट टेकलं का, चढ सरळ आहे का, टोकाला बोल्ट ताणला जाऊन रेघ वाकली का, सगळं तिथेच. ते दिसावं म्हणून तेवढा तुकडा मोठा करून त्याच ग्राफच्या रिकाम्या जागेत लावायचा. या लहान ग्राफला इन्सेट म्हणतात. नाव निरुपद्रवी आहे.

कस्टमरची मागणीही वरवर पाहता वाजवी होती. कंप्लेंट आली होती, तिच्या निवारणाच्या एट-डी रिपोर्टला जोडायला एक पान हवं होतं. चार स्पिंडलचे चार ग्राफ, दोन वर, दोन खाली, आणि प्रत्येकाच्या आत त्याचा इन्सेट. "सगळे एकसारखे दिसले पाहिजेत हं," असं कस्टमरच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, आणि आज संध्याकाळपर्यंत पाठवा, हेही. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यांची रविवारी. त्यांची तातडी बुधवारी दुपारी चारनंतरच का उद्भवते, या प्रश्नाला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

ग्राफ काढायला आम्ही पायथनमधली मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी वापरतो. २००३ साली जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकानं ती लोकांसमोर आणली. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत-संकेत त्यांना नीट पाहायचे होते, मॅटलॅबवर भागेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतली. २०१२ साली, अवघे ४४ वर्षांचे असताना ते गेले. त्यांच्याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती ही लायब्ररी फुकट असण्याबद्दल. कारखान्यात कॉम्प्रेसरपासून पाण्याच्या कूलरपर्यंत प्रत्येक वस्तूची एएमसी असते. बिघडलं की फोन करायचा, ते 'निघालोच' म्हणतात, येत नाहीत, मग आपण त्यांच्या साहेबांना फोन करून आवाज चढवायचा. यालाच व्यवस्था म्हणतात. इथे आवाज चढवायचा कुणावर? जगभरातली माणसं आपापली कामं सांभाळून ही लायब्ररी चालवतात, बहुतेक जण एक पैसा न घेता. त्यांच्यावर ओरडणं आपल्या संस्कारात बसत नाही. वस्तू फुकट दिली की घेणाऱ्याचा चिडण्याचा हक्क आपोआप संपुष्टात येतो, आणि या हानीची भरपाई कुठल्याही कायद्यात नाही.

असो. जमिनीचा कुठलाही तंटा मोजणीपासून सुरू होतो, तेव्हा मोजणीपासूनच बघू. चार ग्राफांतला पहिला कोणता? डावीकडचा वरचा. तिथून उजवीकडे जायचं, मग खालच्या ओळीत. इथवर सरळ आहे. एका पद्धतीत त्या पहिल्याचा क्रमांक एक असतो, दुसऱ्या पद्धतीत तोच शून्य-शून्य असतो. तेही सोडून देऊ, आपण सोशिक आहोत. पण एकदा ग्राफच्या हद्दीत शिरून इन्सेटची जागा सांगायची वेळ आली, की मोजणी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून सुरू होते आणि वर जाते. ग्राफ मोजायचे वरून खाली आणि ग्राफातली जागा मोजायची खालून वर. हे कमी पडलं म्हणून कोपरे आकड्यांनी सांगायची सोय ठेवली आहे. १ म्हणजे वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. घड्याळाच्या उलट दिशेनं. म्हणजे 'पहिल्या ग्राफच्या पहिल्या कोपऱ्यात' असं म्हटलं तर पहिला ग्राफ डावीकडे आणि त्याचा पहिला कोपरा उजवीकडे. आणि आमच्या मशीनवर स्पिंडलचे नंबर कसे आहेत म्हणाल, तर ते ज्या इंटिग्रेटरनं मशीन बसवलं त्याच्या मनाला येतील तसे आहेत. १६६० साली इथल्याच संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेला पन्नासहून अधिक दिवस दाद दिली नाही. त्यांच्या पराक्रमाला नमस्कारच आहे, पण निदान हल्ला कुठल्या बाजूनं होतोय यावर किल्ल्यात एकमत तरी होतं.

आता इन्सेट बसवायच्या कायदेशीर वाटा. पहिली वाट सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रामाणिक. आख्ख्या पानाची रुंदी एक धरायची, उंची एक धरायची, आणि डावीकडून किती, खालून किती, रुंदी किती, उंची किती असे चार अपूर्णांक द्यायचे. ०.१२, ०.७१, ०.१८, ०.१५. इन्सेट पानावर नेमका तिथे येऊन बसतो. फक्त त्याला हे माहीत नसतं की आपण एका ग्राफच्या आत आहोत. त्याच्या लेखी तो स्वतंत्र, बिनशेजाऱ्याचा ग्राफ आहे. मग आपण पान नीटनेटकं दिसावं म्हणून टाइट लेआउट नावाची आज्ञा देतो. चारही मोठे ग्राफ अक्षरांना जागा करून देत थोडे आक्रसतात, सरकतात. इन्सेट हलत नाही. पहिल्याचा इन्सेट आता त्याच्या डाव्या कुंपणावर स्वार झालेला असतो, आणि तिसऱ्याचा अर्धा बाहेर लोंबत असतो. वर लायब्ररी एक इशारा छापते, त्याचा आशय असा, की या आकृतीत या मांडणीला न जुळणारे काही ग्राफ आहेत, तेव्हा निकाल बरोबर नसू शकतो. बघा, भाषा कशी आहे. 'नसू शकतो.' इतकी वर्षं सरकारी पत्रव्यवहार वाचून माझी नजर तयार झालेली आहे; ज्यानं कुणी हे लिहिलं तो आपल्याकडे उपसचिव झाला असता.

याच वाटेवर आणखी एक अन्याय दबा धरून असतो. इन्सेट तयार झाला की 'चालू ग्राफ' हा मान त्याच्याकडे जातो. त्यानंतर तुम्ही शीर्षक द्या, अक्षाला नाव द्या, सगळं इन्सेटला चिकटतं. 'स्पिंडल क्र. १ : टॉर्क-अँगल आलेख, फर्स्ट शिफ्ट' हे भलंमोठं शीर्षक त्या टीचभर चौकोनाच्या डोक्यावर, आणि मोठा ग्राफ बेवारस. काल आलेल्याला साहेबाची खुर्ची आणि वीस वर्षांच्या माणसाला नावाची पाटी नाही. कारखान्यात हे आपण पाहतोच, पण सॉफ्टवेअरमध्येही पाहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

दुसरी वाट म्हणजे लायब्ररीच्या जोडीला येणाऱ्या अवजारांतलं 'इन्सेट अ‍ॅक्सीज' नावाचं अवजार. इथे इन्सेटला आपला ग्राफ कोणता ते कळतं. रुंदी 'चाळीस टक्के' म्हटलं की ग्राफच्या चाळीस टक्के. किती समंजस! पण टक्क्याचं चिन्ह आणि अवतरणचिन्हं विसरून नुसता आकडा दिला, तर तो आकडा इंच समजला जातो. इंच! आपण १९५६ साली कायदा करून मेट्रिक पद्धत आणली. आमच्या ड्रॉइंगवर मिलिमीटर आहेत, गेजवर मायक्रॉन आहेत. इंच उरला तो फक्त फॅब्रिकेशनवाल्यांच्या 'दोन सूत कमी कर' मध्ये, आणि आता या इन्सेटमध्ये. पुन्हा, इन्सेट कडेपासून किती आत ठेवायचा हे अंतर मोजायचं अक्षरांच्या आकारात. आणि तो ज्या काल्पनिक पेटीला टांगायचा ती पेटी मोजायची अपूर्णांकात. एका ओळीत टक्के, इंच, अक्षराची उंची आणि अपूर्णांक अशी चार मापं. आमच्या इन्स्पेक्टरनं एका रिपोर्टवर चार मापं लिहिली असती तर ऑडिटरनं तिथल्या तिथे मेजर नॉन-कन्फॉर्मिटी लिहिली असती. इथे कुणी लिहीत नाही. तीच पेटी फक्त दोन आकड्यांत सांगितली आणि रुंदी टक्क्यांत ठेवली, तर चार आकडे द्या म्हणून काम अडवतात. अर्ज अपूर्ण आहे, पुढच्या खिडकीवर जा.

तिसरी वाट २०१८ साली, ३.० आवृत्तीत खुली झाली. आता इन्सेट ग्राफच्या स्वतःच्या मालकीचा, ग्राफच्याच रुंदी-उंचीच्या अपूर्णांकात सांगायचा, ग्राफ सरकला की त्याच्याबरोबर सरकणारा. वर मोठ्या ग्राफातला कोणता तुकडा झूम केलाय तेही चौकोन आखून, रेघा ओढून दाखवायची सोय. वाचून डोळे पाणावले. पण या तिसऱ्या वाटेचं नावही 'इन्सेट अ‍ॅक्सीज'च ठेवलं! दुसरीचंही तेच, तिसरीचंही तेच. एक टक्के आणि इंच खातो, दुसरा अपूर्णांक. सल्ला देणारे निम्मे लोक पहिल्याबद्दल बोलत असतात, निम्मे दुसऱ्याबद्दल, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. हल्ली जो तो ज्याला विचारतो त्या एआयला विचारलं तर तो दोघांचा संकर करून देतो. नवी वाट पुढे बरीच वर्षं 'प्रायोगिक' म्हणून नोंदलेली होती, हा भाग वेगळा. प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलेल्या गोष्टी आपल्या पट्ट्यात किती काळ टिकतात ते मी सांगायला नको.

तर तिसऱ्या वाटेनं गेलो. वरच्या डाव्या कोपऱ्यात इन्सेट बसवला. जागा तिथेच रिकामी होती, कारण रेघ तळाशी चालते आणि उजवीकडे उभी राहते हे वर आलंच आहे. बसवला, तर इन्सेटच्या अक्षावरचे आकडे इन्सेटच्या हद्दीबाहेर. मंजूर झालेली जागा फक्त ग्राफच्या चौकोनाला आहे, आकड्यांचा त्यात समावेश नाही. ३०, ४०, ५० हे तिघं बाहेर पडून मोठ्या ग्राफच्या उभ्या रेघेवर जाऊन बसले, तिचे स्वतःचे आकडे तिथे आधीपासून आहेत याची तमा न बाळगता. पिंपरी-चिंचवडकरांना हे समजावून सांगायला नको. मूळ बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे, पण गॅलरी पुढे, जिना शेजाऱ्याच्या बाजूला, पाण्याची टाकी कुणाच्या तरी डोक्यावर. शास्तीकर लावायचा तर कुणाला लावायचा? मी आकडे उजव्या बाजूला हलवले. तिथे झूमच्या चौकोनाकडे ओढलेल्या रेघा उभ्या होत्या.

आणि मग लेजंड आला.

लेजंड म्हणजे कोणत्या रंगाची रेघ कशाची ते सांगणारी पाटी. सर्व नागरिकांत विषमता नको म्हणतात, पण मॅटप्लॉटलिबमध्ये लेजंडला एक खास सवलत आहे. त्याला 'उत्तम जागा शोध' असं सांगता येतं. सांगावंही लागत नाही, ती त्याची मूळची वृत्ती. तो ग्राफभर नजर फिरवतो, रेघा कुठे कमी आहेत ते बघतो आणि तिथे जाऊन बसतो. इन्सेटला ही सवलत नाही, त्याची जागा माणसानंच सांगायची. बरं, लेजंड नजर फिरवतो तेव्हा त्याला रेघा दिसतात, इन्सेट दिसत नाही. मग आमच्या ग्राफात त्याला सगळ्यात मोकळी जागा कोणती सापडणार? वरचा डावा कोपरा. चारही ग्राफांत तो गेला आणि नेमका इन्सेटच्या उरावर बसला. एकाच गुंठ्याची दोन खरेदीखतं, दोन्ही नोंदणीकृत. मी लेजंडला काढून टाकलं नाही, कारण कस्टमरच्या फॉरमॅटमध्ये लेजंड अनिवार्य आहे. एका रेघेचा ग्राफ, तिचं नाव शीर्षकात, अक्षाचं नाव अक्षावर, तरी लेजंड अनिवार्य.

शेवटी लेजंडला बाहेर पाठवलं, आकड्यांना आवर घातला, आणि पान तयार झालं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या स्पिंडलचा ग्राफ देखणा. आता तिसऱ्याकडे या, आणि जरा पुढे सरकून बसा.

तिसऱ्या स्पिंडलची रेघ डावीकडून निघते. बाकीच्यांसारखी तळाला चिकटून चालते. मग पाचव्या-सहाव्या फेऱ्याच्या आसपास ती वर चढू लागते आणि इन्सेटच्या खालच्या कुंपणातून आत शिरते. थोड्या वेळानं पलीकडच्या बाजूनं खाली उतरून बाहेर येते, पुन्हा तळाला चिकटते आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं उजवीकडे उभी राहते. मधल्या काळात ती आत काय करत होती, किती वर गेली, कुणाला भेटली, याचा कसलाही पुरावा पानावर नाही. इन्सेट पांढराशुभ्र आणि पूर्ण अपारदर्शक. त्यात शेवटच्या साठ अंशांचा चढ अगदी सुरेख, मोठा करून दाखवलेला. म्हणजे जे बरोबर आहे ते झूम करून, आणि जे चुकलंय ते त्याच्याखाली दाबून.

मीटिंगमध्ये कस्टमरच्या साहेबांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

"इन्सेट आहे सर. झूम."

"झूमच्या खाली काय आहे?"

या प्रश्नावर आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चार जागा, चारही सारख्या ठेवायच्या ही अट कस्टमरची. इन्सेट वाचता आला पाहिजे म्हणून मोठा ठेवायचा ही अटही त्यांची. बोल्ट कुठे अडणार ते ठरवणारा तो बोल्ट. आणि उत्तर द्यायची जबाबदारी क्वालिटीची.

पर्यायांचा विचार तिथेच सुरू झाला. उभ्या अक्षाची मर्यादा शंभरपर्यंत वाढवली तर वर जागा होते, मग इन्सेट उंचावर नेता येतो, असं मी सुचवलं आणि लगेच करून दाखवलं. रेघ निम्मी झाली. "शंभर न्यूटन-मीटर कशाला लिहिलंय? तिथे बोल्ट तुटतो," कस्टमरचे साहेब म्हणाले. तुटतो, मान्य. पण मी बोल्टला तिथे नेत नव्हतो, मला फक्त इन्सेटला न्यायचं होतं. मग फक्त तिसऱ्याचा इन्सेट मधोमध, चढाच्या थोडा डावीकडे नेला. "बाकीच्यांचा तिकडे आणि याचाच इकडे का? एकसारखं नको का?" इन्सेट अर्धपारदर्शक केला. त्यातून खालची रेघ दिसू लागली आणि इन्सेटची रेघ आणि खालची रेघ अशा दोन रेघा एकमेकींत मिसळून, या बोल्टला एकाच वेळी दोन टॉर्क लागतात असा समज झाला. आमच्या डिप्लोमा ट्रेनीनं मागून हळूच सुचवलं, "सर, एक्सेलमध्ये दोन चार्ट एकावर एक ठेवले असते तर चाललं नसतं का? माउसनं ओढलं की झालं." ती नवी आहे, तिला कुणी काही बोललं नाही.

वॉल्टर श्यूहार्ट यांची इथे आठवण येते. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना जेमतेम एका पानाचं टिपण दिलं, त्यात एक साधी आकृती. त्या एका पानातून कंट्रोल चार्ट जन्माला आला, आणि आज चाकणमध्ये ज्या भिंतीवर खिडकी नाही तिथे तो चार्ट असतो. पुढे १९४७-४८ च्या सुमारास महालनोबिसांच्या निमंत्रणावरून ते भारतातही येऊन गेले. एक मधली रेघ, एक वरची मर्यादा, एक खालची मर्यादा. त्यांच्या वरिष्ठांनी 'चार एकत्र करा आणि प्रत्येकात झूम घाला' असं म्हटलं असतं, तर संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण अजून ड्राफ्टमध्येच असतं.

बरं, हे सगळं फक्त कस्टमरच्या पानापुरतं. तेच पान लाइनवरच्या बोर्डावर मराठीत लावायचं, असा आमचा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. मॅटप्लॉटलिबच्या मूळच्या फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे शीर्षकाच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग उमटली. देवनागरी फाँट दिला तर अक्षरं आली, पण माझ्याकडच्या आवृत्तीला ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते हे माहीत नाही. पिंपरीची पहिली वेलांटी 'प'च्या मागे राहिली आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी. स्पिंडलमधला 'स्पिं' कसा दिसत होता ते सांगत नाही. लाइनवरच्या एका मामांनी बोर्डासमोर उभं राहून ते मोठ्यानं जसंच्या तसं वाचलं आणि मला विचारलं, "साहेब, हे कुठलं गाव?"

इकडे मीटिंगमध्ये तोडगा निघाला. तोडगा कस्टमरच्या साहेबांनीच काढला आणि सर्वांनी माना डोलावल्या. चारही इन्सेट ग्राफच्या बाहेर काढायचे, प्रत्येकाच्या उजव्या बाजूला. म्हणजे कुणाच्या खाली काही दडणार नाही आणि सगळे एकसारखे. लायब्ररी याला आडकाठी करत नाही. रुंदी एक असलेल्या ग्राफात इन्सेटची सुरुवात १.०५ वर आहे असं सांगितलं की ती बिनतक्रार त्याला कुंपणापलीकडे उभा करते. इन्सेट, जो आत असतो म्हणून इन्सेट, तो आता अधिकृतपणे बाहेर. त्याला जागा करून देण्यासाठी मोठे ग्राफ निम्म्या रुंदीचे झाले. साडेतीन हजार अंश आता इतक्या थोड्या जागेत कोंबलेत की उजवीकडचा चढ उभ्या भिंतीसारखा दिसतो, आणि तो नीट दिसावा म्हणून इन्सेट अधिकच आवश्यक ठरतो. या रचनेला डॉक्युमेंट कंट्रोलनं फॉरमॅट क्रमांक दिला, रिव्हिजन शून्य, तीन सह्या, शिक्का. यापुढे सर्व स्पिंडलचे सर्व ग्राफ याच रचनेत.

दरम्यान, तिसऱ्या बोल्टचं काय झालं ते कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ब्रॅकेटवर जे नट वेल्ड होतात, त्यातल्या तिसऱ्या जागेच्या इलेक्ट्रोडची पिन घासली होती. त्यामुळे वेल्डिंगचे शिंतोडे नटाच्या आट्यांत जात होते, आणि बोल्ट तिथून जाताना अडखळत होता. मेंटेनन्सच्या काकांनी चहाच्या सुट्टीआधी पिन बदलली. चहाच्या सुट्टीनंतर तिसरी रेघ बाकीच्या तिघींसारखी तळाला चिकटून चालू लागली. चारही ग्राफांचा वरचा डावा कोपरा आता मोकळा आहे, लख्ख, स्वच्छ, निर्विवाद.

इन्सेट तिथे परत आणता येत नाही. फॉरमॅट गोठलेला आहे. मी रीतसर बदलाचा अर्ज केला. त्यात बदलाचं कारण लिहिलं, जोखमीचं मूल्यमापन जोडलं, साहेबांची सही घेतली. काल तो परत आला. शेरा हिरव्या शाईत आहे. प्रस्तावित बदलाचं समर्थन अपुरं आहे. जुनी रचना आणि नवी रचना एकाच आकृतीत शेजारी दाखवावी, आणि दोहोंतला फरक स्पष्ट दिसावा यासाठी तेवढा भाग आत झूम करून जोडावा.